तबकडीचे कोस्टर: क्रोशाच्या नवशिक्यांसाठी

उसवण (पुणे)

जुन्या रेकॉर्डसारखे दिसणारे क्रोशाचे कोस्टर कसे करायचे, असं दुसऱ्या चर्चेच्या धाग्यावर तिघी-चौघींनी विचारलं. तिथे विषय रुमालांचा होता, म्हणून हा वेगळा धागा काढतेय. ज्यांना फक्त साखळी आणि मुका खांब (क्रोशाचा बुटका, साधा टाका) येतो त्यांच्यासाठी हे आहे. खांब, पंखे, पॉपकॉर्न असलं काहीही लागत नाही.

आधी माझं एक ठाम मत सांगते, पटलं नाही तर भांडा. कोस्टरवर कप सपाट बसला पाहिजे आणि गार पेल्याचं पाणी कोस्टरने प्यायला पाहिजे. तो कशासारखा दिसतो ते त्यानंतर. फोटोंत दिसणारे निम्मे कोस्टर या परीक्षेत नापास होतात. मधे बटण शिवलेलं, काठाला झालर, वर मोती. बटणावर चहाचा कप ठेवून बघा एकदा.

दोरा सुतीच घ्या, चार प्लायचा (चार पदरी). सुई ३ मिमीची. तुळशीबागेत किंवा तुमच्या गावातल्या लोकरीच्या दुकानात ‘निटिंग कॉटन’ म्हटलं की देतात. ‘मिल्क कॉटन’ नावाने मिळतो तो दोरा बहुतेकदा सूत आणि ऍक्रिलिकचं मिश्रण असतो, लेबल वाचून घ्या. निव्वळ ऍक्रिलिक मात्र नको. ते पाणी शोषत नाही आणि उष्णतेने मऊ पडून आकार सोडतं.

कृती दोन भागांत आहे. मधलं लेबल एका रंगात, बाहेरची तबकडी दुसऱ्या.

लेबलच्या रंगाने मॅजिक रिंग (टोक ओढून आवळता येणारं दोऱ्याचं कडं) करून तिच्यात ६ मुके खांब. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन-दोन, म्हणजे १२. तिसरीत एक साधा, एक वाढीचा (म्हणजे एकाच टाक्यात दोन), असं सहा वेळा: १८. चौथीत दोन साधे, एक वाढीचा: २४. इथे लेबल संपलं. चौथ्या फेरीचा शेवटचा मुका खांब अर्धा झाला, सुईवर दोन वेढे उरले, की तिथेच दुसऱ्या रंगाचा दोरा ओढून घ्या. टाका पूर्ण करून मग रंग बदललात तर दातेरी कड दिसते.

पाचव्या फेरीपासून खरी गंमत. टाक्याच्या माथ्यावर दोन धागे दिसतात, एक तुमच्याकडचा आणि एक पलीकडचा. आता सुई फक्त पलीकडच्या धाग्यात घालायची. अलीकडचा धागा मोकळा राहतो आणि फेरीभर त्याची बारीक कड उमटते. ह्याच रेकॉर्डच्या खाचा. वेगळं भरतकाम नको, काही नको. वाढ तशीच चालू ठेवायची: ३०, ३६, ४२, ४८, ५४, ६०. दहाव्या फेरीला साधारण १० सेंमी होतं. हात सैल असेल तर नऊ फेऱ्यांतच भरेल.

फेऱ्या जोडू नका. स्लिप स्टिच (नुसता जोडणारा टाका), वर एक साखळी, असं करत बसलात तर लेबलपासून काठापर्यंत एक तिरका व्रण दिसतो. गोल गोल तसंच विणत जायचं. फेरीचा पहिला टाका कळावा म्हणून त्यात वेगळ्या रंगाचा दोरा किंवा सेफ्टी पिन अडकवा आणि दर फेरीला वर सरकवा. शेवटी दोन टाके स्लिप स्टिचचे घेतले की उंचवटा उतरतो. मग दोरा कापून, बोथट सुईत ओवून, पहिल्या टाक्याच्या डोक्याखालून काढून परत स्वतःच्या जागी आणायचा.

खरी रेकॉर्डही अशीच असते बरं का. त्या खाचा म्हणजे एकात एक बसवलेली वर्तुळं नव्हेत. एका बाजूला मुळात एकच खाच असते, कडेपासून आत लेबलपर्यंत सलग जाणारी.

प्रश्न विचारा. फोटो टाकले तर उत्तम.

नलू_नवखी (नाशिक)

आधी वाचनखूण साठवली. मस्त लिहिलंयस गं.

माझी वाटी होतेय. सातव्या फेरीला कडा वर उठायला लागल्या. मोजलं तर टाके बरोबर आहेत, ४२. मग चुकतंय काय?

उसवण (पुणे)

टाके बरोबर असतील तर हात घट्ट आहे. ३.५ ची सुई घेऊन बघ. दुसरी शक्यता, पलीकडच्याच धाग्यात घातलेला टाका नेहमीच्यापेक्षा जरा उंच होतो, त्यामुळे लेबलपर्यंत सपाट असलेलं काम पुढे किंचित उचलतं. थोडी वाटी असेल तर काळजी करू नकोस. ओलं करून, थर्माकोलवर टाचण्या लावून वाळवलंस की बसेल. चांगली खोलगट असेल तर मात्र उसव.

आणि वाटीच्या उलट झालं, म्हणजे काठाला लाटा आल्या, तर वाढी जास्त झाल्यात किंवा हात सैल आहे.

वर्तुळकाका (ठाणे)

मला विणता येत नाही, सौ. विणते. पण सहाच का, हे कोणी विचारलं नाही म्हणून सांगतो.

वर्तुळाची त्रिज्या जेवढी वाढते, त्याच्या २π पट परीघ वाढतो, म्हणजे सुमारे ६.२८ पट. मुका खांब जवळजवळ जितका उंच तितकाच रुंद. एक फेरी घातली की त्रिज्या एका टाक्याने वाढली, म्हणून परिघाला सहा टाके आणि वर थोडं जास्त हवं. ते ‘थोडं जास्त’ सूत ताणून भागवून घेतं. उंच खांबाने विणलं तर फेरीची उंची रुंदीच्या जवळपास दुप्पट, म्हणून तिथे बारापासून सुरुवात करतात. सौ.ची वही पाहिली, तीत सगळीकडे हाच हिशेब निघाला. तिने तो कधी केला नव्हता आणि तिला त्याची गरजही नव्हती.

उसवण यांच्या कोस्टरमध्ये एकूण टाके ३३० होतात (६ गुणिले १ ते १० ची बेरीज). एलपी (मोठी, जास्त वेळ वाजणारी रेकॉर्ड) मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, हा निव्वळ योगायोग.

उसवण (पुणे)

काका, ३३० चं भारी आहे! आता हे सगळ्यांना सांगत सुटणार मी.

काकांच्या हिशेबात एक भर. वाढी दर फेरीला एकावर एक आल्या तर वर्तुळाचा षट्कोन होतो. तो टाळायला एकाआड एक फेरीत सुरुवात बदलायची. म्हणजे चौथ्या फेरीत ‘दोन साधे, एक वाढ’ याऐवजी ‘एक साधा, एक वाढ’, मग ‘दोन साधे, एक वाढ’ असं पाच वेळा आणि शेवटी उरलेला एक साधा. टाके तेवढेच, कोपरे गायब.

माजघर (सातारा)

मी कालपासून काळ्या दोऱ्याशी झुंजतेय. टाके दिसतच नाहीत! पलीकडचा धागा कुठला, अलीकडचा कुठला, रात्री ट्यूबलाइटखाली तर काहीच कळत नाही. चष्म्याचा नंबर वाढलाय की काय असं वाटायला लागलं.

नलू_नवखी (नाशिक)

+१. काळा दोरा शत्रू आहे.

उसवण (पुणे)

काळ्यावर शिकायचं नाही, हे वर लिहायला हवं होतं खरं तर. काळ्या दोऱ्यात मुरलेल्या बायकाही उजेड शोधतात. दिवसा, खिडकीशी बसा आणि मांडीवर पांढरा टॉवेल घ्या, म्हणजे टाक्यांमधून पांढरं दिसतं. पण पहिला कोस्टर फिकट रंगातच करा.

माजघर (सातारा)

फिकट रंगाची रेकॉर्ड कशी दिसेल? पापड वाटेल.

जुनाबाजार (पुणे)

इथे माझ्यासारख्याचं काम पडेल असं वाटलं नव्हतं. मी विणत नाही, रेकॉर्डी जमवतो.

माजघर, रंगीत रेकॉर्ड ही फॅशन नाही, इतिहासात आहे. कोलंबियाने १९४८ मध्ये ३३⅓ फेऱ्यांची एलपी आणली. तिला उत्तर म्हणून आरसीए व्हिक्टरने १९४९ मध्ये सात इंची, ४५ फेऱ्यांची तबकडी काढली आणि सुरुवातीला संगीताच्या प्रकाराप्रमाणे तिला रंग दिले. शास्त्रीय संगीत लाल, कंट्री (अमेरिकन ग्रामीण ढंगाची गाणी) हिरवं, मुलांची गाणी पिवळी. काळाही होता, लोकप्रिय गाण्यांना. पुढे ती पद्धत बंद पडली. म्हणजे तुम्ही पिवळी तबकडी विणलीत आणि कोणी नाक मुरडलं, तर बालगीतांची आहे म्हणून सांगा. खोटं ठरणार नाही.

लेबलच्या मापाबद्दलही बोलतो. बारा इंची एलपीवर लेबल साधारण चार इंचांचं, म्हणजे व्यासाच्या तिसऱ्या हिश्शाचं. सात इंची तबकडीवर ते जवळपास निम्मं असतं. उसवण यांची चार फेऱ्यांची लेबलं या दोहोंच्या मधे पडतात. एलपी हवी असेल तर तीन फेऱ्यांत रंग बदला, ४५ वाली हवी तर पाच.

आणि गंमत बघा, एलपीचं नुसतं लेबल हेच तुमच्या अख्ख्या कोस्टरएवढं असतं.

उसवण (पुणे)

हे सोनं आहे! वरच्या कृतीत लेबलला चारऐवजी तीन किंवा पाच फेऱ्याही चालतील असं धरा. माजघर, आता पिवळ्यात कर.

पेलाभर_ताक (मुंबई)

मग एवढा खटाटोप कशाला? चोर बाजारात जुन्या रेकॉर्डी मिळतात. त्यांचं मधलं लेबल कापून कोस्टर बनवतात. मी पाहिलेत, तयार विकतही मिळतात. अस्सल रेट्रो.

जुनाबाजार (पुणे)

पेलाभर, तुमच्यावर राग नाही, पण रेकॉर्ड कापू नका हो. घासलेली, चिरा गेलेली म्हणून जी फेकतात, तिच्यावरच कधीकधी एखाद्या गायिकेचं दुसरीकडे न मिळणारं गाणं निघतं. ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीनएक मिनिटं मावायची. तेवढ्यात राग उभा करून, शेवटी आपलं नाव सांगून गाणाऱ्या बाया होत्या. गोहरजानच्या ‘माय नेम इज गोहरजान’ची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असेल. तिचं पहिलं ध्वनिमुद्रण कलकत्त्यातलं, १९०२ चं. त्या तबकड्या लाखेच्या, हातातून पडली की संपली. आणि लाख मुख्यतः आपल्याकडचीच, छोटा नागपूर वगैरे भागातली. माल इथून जगभर जायचा आणि रेकॉर्ड होऊन यायचा.

बरं, भावना बाजूला ठेवा. एलपी पीव्हीसीची असते. साठ-सत्तर अंशाला ती मऊ पडायला लागते आणि वाफाळता चहा त्याहून गरम असतो. शिवाय पाण्याचा एक थेंब शोषत नाही. कागदी लेबल भिजून सुटतं ते वेगळंच. म्हणजे वस्तूही गेली आणि कोस्टरही झाला नाही.

पेलाभर_ताक (मुंबई)

बरं बरं. विणतो.

(विणायला शिकवतं कोण? बायको हसतेय.)

उसवण (पुणे)

धागा वाचा, तुम्हीच शिकाल. ‘मुका खांब कसा घालावा’ असं शोधलंत तर मराठीतही भरपूर व्हिडिओ सापडतील. इंग्रजी पाहणार असाल तर एकच धोका. अमेरिकन कृतीतलं ‘सिंगल क्रोशे’ म्हणजेच ब्रिटिश कृतीतलं ‘डबल क्रोशे’, दोन्ही आपला मुका खांबच. व्हिडिओवाली बाई कुठली आहे ते आधी बघायचं. ब्रिटिश कृती अमेरिकन समजून विणलीत तर कोस्टरची परडी होते.

एडिसनकर (न्यू जर्सी)

अवांतर होईल, पण राहवत नाही. मी राहतो ते एडिसन गाव. इथल्याच मेन्लो पार्कच्या प्रयोगशाळेत एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफ बनवला. पण त्याचा आवाज साठायचा तो नळकांड्यावर, सुरुवातीला कथिलाच्या पातळ पत्र्यावर. सपाट तबकडी आणली एमिल बर्लिनरने, त्याचं पेटंट १८८७ चं. नळकांडी जिंकली असती तर आज उसवणताई आम्हाला रेट्रो बाटलीचं कव्हर शिकवत असत्या.

मुद्द्याचा प्रश्न: कॅसेटचा कोस्टर करता येईल का? रेकॉर्ड आमच्या आईवडिलांच्या पिढीची, कॅसेट आमची. दुकानात गाण्यांची यादी देऊन भरून आणलेल्या कॅसेटी अजून सांभाळल्यात मी. वाजवायला यंत्र नाही.

उसवण (पुणे)

येतो की. नवशिक्यांना कॅसेट एका अर्थी सोपी, वाढी नाहीत, सरळ ओळी. एका अर्थी अवघड, कारण ओळीच्या टोकाला टाके गळतात आणि आयताचा समलंब चौकोन होतो. दर ओळीला मोजायचं, त्याला पर्याय नाही. वळताना एक साखळी घ्यायची, ती टाका म्हणून धरायची नाही आणि पहिला मुका खांब अगदी पहिल्याच टाक्यात घालायचा. शेवटचा टाका हमखास सुटतो, तो दोन बोटांनी ओढून बघायचा.

माप मात्र विचार करून घ्या. खरी कॅसेट साधारण १० बाय ६.४ सेंमी. त्या मापाने २१ साखळ्या, म्हणजे २० मुके खांब आणि १३ ओळी. स्टीलचा पेला किंवा कटिंगचा ग्लास त्यावर राहतो. तुमचा तिकडचा मोठा मग राहणार नाही. मगसाठी २७ साखळ्या, २६ टाके, १७ ओळी करा. प्रमाण तेच राहतं.

अंग काळं किंवा राखाडी. मधली पट्टी पांढरी विणायची झाली तर ओळीच्या मधे रंग बदलावे लागतात, ते नव्या हाताला नको. अख्खी कॅसेट एका रंगात विणा आणि लेबल, खिडकी, रेघा वरून भरा. साधा उलटा टाका पुरतो. दोन चाकांसाठी पांढऱ्या बारीक दोऱ्याने मॅजिक रिंगमध्ये सहा मुके खांब घालून वर्तुळं करा आणि चपटी शिवून टाका. खऱ्या कॅसेटच्या चाकाला आत सहाच दात असतात, तेव्हा आपोआप जुळतं.

भरतकाम दाट करू नका, गाठी उलट बाजूलाही नकोत, टोकं टाक्यांच्या आत दडवा. कप डुगडुगता कामा नये.

एडिसनकर (न्यू जर्सी)

सहा दात! सुट्टीत पेन्सिल घालून फिरवलेली सगळी चाकं आठवली. पेन्सिल षट्कोनी लागायची, गोल घसरायची.

जुनाबाजार (पुणे)

कॅसेट १९६३ ची, फिलिप्सची. तीवरच्या लेबलवर बारीक ‘६०’ किंवा ‘९०’ भरलंत तर शोभेल. मिनिटांचा आकडा आहे तो, दोन्ही बाजू धरून. आणि वरच्या कडेला कोपऱ्याजवळची छोटी पट्टी तोडलेली दाखवा, म्हणजे कोणी त्यावर दुसरं ध्वनिमुद्रण करणार नाही. जाणकार ओळखतील.

डावरी (कोल्हापूर)

मी डावखुरी. सगळे व्हिडिओ उजव्यांचे. माझं वर्तुळ उलट्या दिशेने फिरतं. कृती तीच चालेल का? की आरशात बघून विणू?

उसवण (पुणे)

तीच चालेल. आकडे बदलत नाहीत. व्हिडिओ आडवा उलटा करून पाहायची सोय काही अ‍ॅपमध्ये असते, ती वापर. फेरीचा व्रण तिरका जातो तो फक्त दुसऱ्या बाजूला जाईल, आणि आपल्या कृतीत तो मुळातच नाही.

वर्तुळकाका (ठाणे)

डावरी, थांबा. कागदावर काढून पाहिलं. तबकडी वरून बघताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरते. सुई जागच्या जागी असते, म्हणजे तबकडीच्या दृष्टीने सुई उलट्या दिशेने जाते, आणि जाता जाता आत सरकते. तीच खाच आतून बाहेर मोजत गेलात तर घड्याळाच्या दिशेने जाल.

उजव्या हाताने गोल विणणारी व्यक्ती, सुलट बाजू समोर ठेवून, घड्याळाच्या उलट दिशेने बाहेर जाते. डावखुरी घड्याळाच्या दिशेने.

सारांश, खाचेची दिशा बरोबर असलेला कोस्टर या धाग्यावर फक्त तुमचा. आम्हा बाकीच्यांच्या तबकड्या उलट्या.

डावरी (कोल्हापूर)

काका!!! हे मी प्रिंट काढून लावणार आहे. शाळेत भरतकामाच्या तासाला हात बदल म्हणून ओरडणाऱ्या बाईंना दाखवायला हवं होतं.

जुनाबाजार (पुणे)

खरं आहे. आत्ता एक एलपी काढून बोट फिरवून खात्री केली. (कडेला धरून, खाचांना न शिवता. कोणी ओरडू नये.)

उसवण (पुणे)

माझ्या तबकड्या उलट्या हे कळून अजिबात वाईट वाटलेलं नाही. अजिबात नाही.

आंबोळी (मडगाव)

छान धागा. आमच्याकडे गोव्यात पावसाळ्यात सुती कोस्टर वाळतच नाहीत. एकदा भिजला की चार दिवस दमट, मग कुबट वास, मग काळे ठिपके. ऍक्रिलिक नको म्हणता, मग काय करायचं?

उसवण (पुणे)

पावसाळ्यापुरता मिल्क कॉटन वापर, मिश्रण असल्याने लवकर वाळतो. शोषतो कमी, पण चालतं. कडक उकळता चहा थेट त्यावर नको, कपाला बशी असली तर प्रश्नच नाही. दुसरं, मागे फेल्ट किंवा कॉर्क चिकटवू नकोस. बऱ्याच जणी चिकटवतात. कोस्टर ताठ राहतो हे खरं, पण पाणी मधे अडकतं, धुता येत नाही, आणि तुमच्या हवेत तर बुरशीला घरच दिल्यासारखं. कोस्टर एकेरीच बरा, दोन संच कर आणि आलटून पालटून वापर.

चकलीवाली (नागपूर)

माझ्या काळ्या दोऱ्याचा रंग गेला. पांढऱ्या लेबलवर राखाडी ओघळ. मीठ-व्हिनेगरच्या पाण्यात ठेवला होता तरी.

उसवण (पुणे)

मीठ-व्हिनेगरचा उपाय सगळ्या दोऱ्यांवर लागू पडत नाही, कंपनीत कुठला रंग वापरलाय त्यावर आहे. काळा किंवा गडद लाल दोरा आणला की विणण्याआधी लडी सैल करून गार पाण्यात घालायची आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत बदलत राहायचं. सावलीत वाळवून मग गुंडा. कंटाळवाणं काम आहे, पण विणून झाल्यावर रडण्यापेक्षा बरं. तुझा झालेला कोस्टर पुन्हा गार पाण्यात लगेच घाल, वाळू देऊ नकोस. गरम पाणी अजिबात नको. अगदीच नाही गेलं तर लेबलवर गडद रंगाने भरतकाम कर.

लगीनघाई (पुणे)

पुतणीच्या रुखवतात ठेवायला सहांचा संच करतेय. क्रोशाचे रुमाल आणि तोरण तर सगळ्यांच्याच रुखवतात असतं. नवरा मुलगा रेकॉर्डवेडा आहे, म्हणून हे. दोन प्रश्न. लेबलवर तो एचएमव्ही कंपनीचा कुत्रा आणि कर्णा भरता येईल का? आणि सहा कोस्टर ठेवायला काही करता येईल का, नुसते ढीग करून बरे दिसत नाहीत.

उसवण (पुणे)

कुत्रा १० सेंमीच्या कोस्टरवरच्या ४ सेंमीच्या लेबलमध्ये भरलात तर तो उंदीर दिसेल. घरात वापरायला, भेट द्यायला काय भराल ते भरा, पण कोणी प्रदर्शनात विकणार असेल तर कंपनीची चिन्हं नकोतच, ते त्यांच्या मालकीचं असतं. त्यापेक्षा नवरा-नवरीची नावं लेबलवर गोलाकार भरा, एकाचं वर, एकाचं खाली, आणि बाजूला लग्नाचं साल. रेकॉर्डवर गायकांची नावं असतात तशीच दिसतील. अक्षरं दोन पदरी दोऱ्याने, नाहीतर जाड होतात. शिरोरेघ आधी भरून घ्या, मग अक्षरं तिला लटकवायची. सरळ येतात.

ठेवायला: सुताराकडून पाच इंची चौकोनी लाकडी पाट आणि मधे उभी बारीक काठी करून घ्या. रेकॉर्ड प्लेअरसारखं दिसतं आणि कोस्टर काठीत ओवून रचता येतात. त्यासाठी मधे भोक हवं, म्हणून मॅजिक रिंग पूर्ण आवळायची नाही. किंवा चार साखळ्यांचं कडं करून त्यात सहा मुके खांब.

वर्तुळकाका (ठाणे)

भोकातून पाणी टेबलावर नाही का जाणार? पहिल्याच पोस्टमध्ये आपण म्हणालात, कोस्टरने पाणी प्यायला पाहिजे.

उसवण (पुणे)

काका बारीक लक्ष ठेवून आहेत! जातं, पण फार नाही. गार पेल्याचं पाणी बाहेरून ओघळून बुडाच्या कडेशी साचतं, मधोमध क्वचितच पोचतं. ३-४ मिमीच्या भोकाने बिघडत नाही. ४५ फेऱ्यांच्या तबकडीचं भोक मात्र दीड इंचाचं असतं, ते हुबेहूब करायला जाऊ नका. तिथे कप भोकावरच बसेल.

माजघर (सातारा)

पिवळा कोस्टर झाला! लेबल हिरवं. फोटो टाकलाय. काठ किंचित लाटेसारखा आहे, तो इस्त्रीने बसेल का?

नलू_नवखी (नाशिक)

अगं किती गोड! खाचा स्पष्ट दिसतायत.

उसवण (पुणे)

झकास! फोटो मोठा करून शेवटच्या फेरीचे टाके मोजले, ६३ भरतात. दहाव्या फेरीत कुठेतरी तीन वाढी जास्त झाल्यात. इस्त्रीने थोडं बसेल. सुती आहे म्हणून चालेल, वर ओलं फडकं ठेवून दाब, घासू नकोस. पण तुला ते डोळ्याला खुपत असेल तर शेवटची फेरी उसवून परत घाल, दहा मिनिटांचं काम आहे.

माजघर (सातारा)

नाही उसवत. नातवाने त्यावर दुधाचा पेला ठेवलाय आणि उचलू देत नाही. दुसरा करते. निळा घेऊ की हिरवा?

जुनाबाजार (पुणे)

हिरवा. कंट्रीचा.

पेलाभर_ताक (मुंबई)

मॅजिक रिंग सुटली. पुन्हा. आवळली की सगळे टाके हातात येतात. हे असंच असतं का?

उसवण (पुणे)

दोऱ्याचं टोक आणि टाके, दोन्ही एकदमच धरत असणार तुम्ही. मॅजिक रिंग सोडून द्या. दोन साखळ्या घाला आणि सुईपासूनच्या दुसऱ्या साखळीत, म्हणजे पहिल्या घातलेल्या साखळीत, सहाच्या सहा मुके खांब घाला. मधे बारीक भोक राहतं, सुटत मात्र नाही. सुरुवातीचं टोक चार बोटं लांब ठेवा आणि नंतर सुईत ओवून त्या भोकाभोवती एक फेरा मारून आवळा.

पेलाभर_ताक (मुंबई)

जमलं. सहा मोजले. बायकोनेही मोजले, तिच्या मते सात आहेत.